तांडेलाचं बादलीभर पाणी

२०१५ साली मी एकोणसाठ वर्षांचा होतो आणि तांडेल माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, तरी तो मला रोज दुपारी तीन वाजता मोजायचा. एकट्या मला नाही, आमच्या खात्यातल्या अकराही जणांना. पहिली पाळी सुटली की गेटाजवळच्या नळाशी उभा राहायचा, बोट न दाखवता नुसत्या डोळ्यांनी मोजायचा, शेवटी स्वतःला धरायचा आणि म्हणायचा, "अकरा. चला." मगच कार्ड पंच करायचा.

हजेरीत त्याचं नाव वेगळं होतं, पण ते नाव घेऊन हाक मारली तर तो मागे वळायचा नाही. गाव नवापूर, बोईसरजवळचं, समुद्रकाठचं. मासेमारीच्या होडीवर जो मुख्य असतो त्याला तिकडे तांडेल म्हणतात. ह्याने तीस वर्षं होडी हाकली. मग मासळी लागेनाशी झाली, तशी होडी धाकट्या भावाच्या ताब्यात देऊन तो बोईसरला, कापडाला रंग चढवणाऱ्या कारखान्यात, ठेकेदाराचा माणूस म्हणून लागला. मोजणीबद्दल विचारलं तर एवढंच सांगायचा, "मानसं मोजल्याबिगर होडीचं तोंड किनाऱ्याकडं वळवायचं नाय." मी म्हणायचो, "अरे, हा काय समुद्र आहे? इथं कोण बुडतंय?" तो म्हणायचा, "सांगता येत नाय, गुरुजी." मी चौथी शिकलेलो, खात्यात जुन्या माणसांत वाचता येणारा मी एकटा, म्हणून गुरुजी. चेष्टाच होती. पण मला आवडायची, खोटं कशाला बोलू.

एकदा मोजणीत दहाच भरले. आम्ही म्हटलं, असेल कोणी पुढे गेलेला. तांडेल ऐकेना. तसाच आत गेला आणि कापडाच्या गठ्ठ्यांमागे लागोपाठ दोन पाळ्या करून झोपी गेलेल्या बिहारच्या दिनेशला कान धरून बाहेर घेऊन आला. बारा मिनिटं उशीर झाला. दुसऱ्या दिवशी तांडेलाच्या हातात कागद पडला. मी तो वाचून दाखवला. पाळी संपल्यावर आवारात रेंगाळणे, असा गुन्हा होता.

"रेंगाळनं म्हंजे काय?"

"उगाच उभं राहणं."

"मंग ह्यो कागद माझा नाय. मी उगाच कदी उभा राहिलो?" असं म्हणून त्याने त्या कागदात सुक्या बोंबलाची चटणी बांधली.

त्या चटणीवरूनही झालं होतं. साहेब नवीन आले होते. त्यांना जेवणाच्या खोलीत बोंबलाचा वास आला. हुकूम निघाला की मासळीचा डबा आणणाऱ्याने भिंतीबाहेर, गटाराच्या बाजूला बसून जेवावं. त्या गटारातून आमच्याच रंगाचं पाणी वाहायचं, आज लाल, उद्या निळं, आणि डोळ्यांतून पाणी येईल असा वास. तांडेल डबा उघडून म्हणाला, "ह्या भल्या मानसाला रंगाचा वास चालतो, बोंबलाचा नाय." दुसऱ्या दिवसापासून आम्ही अकराही जण गटाराशी जेवायला बसलो. मी मासळी खात नाही, तरी बसलो.

मग साहेबांनी बिल्ला काढला. पत्र्याचा, तळहाताएवढा, त्यावर खात्याचा नंबर. लघवीला जायचं तर खिळ्यावरचा बिल्ला घेऊन जायचं. अकरा माणसांना एक बिल्ला. एक जण परत आला की दुसऱ्याने जायचं. माणसं कामाच्या वेळी बाहेर बिड्या ओढतात, असं कारण सांगितलं. ओढत असतीलही. पण साठीला आलेल्या माणसाने मुतायला पत्रा घेऊन जायचं, हे मला पहिल्या दिवसापासून सहन होत नव्हतं. तांडेल म्हणाला, "होडीवर संडास नसतो गुरुजी, पन परवानगी बी नसते." सगळे हसले. मी हसलो नाही.

उन्हाळ्याचे दिवस होते. सकाळी अकराच्या सुमारास मला लागली. खिळा मोकळा होता. बिल्ला दिनेशकडे होता आणि परत येताना वाटेत साहेबांनी त्याला गाडी खाली करायला गोदामात धाडलं होतं. बिल्ला त्याच्या खिशात राहिला. मी साहेबांच्या टेबलाशी गेलो.

"साहेब, जाऊन येतो."

"बिल्ला किधर है?"

"दिनेशकडे."

"तो दिनेश को आने दो."

मी मशीनवर परत आलो. तांडेल शेजारच्या मशीनवर होता. त्याने बघितलं होतं. म्हणाला, "जा तू. मी बघतो दोनी मशिनी."

"नको."

"आरं, जा की."

"नाही म्हणालाय ना? मग नाही. एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारणार नाही आणि चोरून तर मुळीच जाणार नाही."

हा माझा स्वभाव. बाप म्हणायचा, हा दगडाला डोकं आपटून दगडालाच विचारेल, लागलं का. अर्धा तास गेला. दिनेश येईना. या वयात शरीर आपलं ऐकत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. उभ्या उभ्या विजार भिजली. खाकी विजार, भिजली की लगेच दिसते. पायाशी ओघळ आला. समोरच्या मशीनवर दोन पोरं होती, ती कोणत्याही क्षणी वळली असती. मला हलता येईना.

तेवढ्यात डोक्यावरून पाणी आलं. भरलेली बादली. पाठोपाठ तांडेलाचा आवाज, सगळ्या खात्याला ऐकू जाईल असा, "आंदळा हायस का? मदी मदी काय येतोस!" मी नखशिखांत भिजलेलो. पोरं वळली आणि खदाखदा हसायला लागली. गुरुजींची आंघोळ झाली, म्हणाली. तांडेलही हसला. माझ्याकडे मात्र त्याने बघितलं नाही.

साहेबांनी काचेतून बघितलं होतं. दोन वाजता ठेकेदाराच्या मुकादमाने कागद आणला आणि नेहमीसारखा तांडेलाने तो माझ्या हातात दिला. कामाच्या वेळी सहकाऱ्यावर पाणी फेकून दंगामस्ती करणे, पूर्वीही ताकीद दिलेली असणे. लेखी खुलासा आत्ताच द्यावा. मी वाचलं. कागदावर हात ठेवून तांडेल म्हणाला, "वाचलंस तेवडं पुरं. आता लिव. चेष्टा केली. चूक झाली."

"तांडेल, मी खरं लिहितो."

"कागद कोनाचा? माझा. मी सांगतो ते लिव."

मी लिहिलं. माझ्याच अक्षरात. खाली त्याने अंगठा दिला. चूक कबूल आहे म्हटल्यावर साहेबांचं काम सोपं झालं. ठेकेदाराच्या माणसाला काढायला चौकशी लागत नाही, गेटवर पास काढून घेतला की झालं. अडीच वाजता तो काढून घेतला.

तीन वाजता आम्ही बाहेर आलो तर तांडेल गेटाच्या बाहेरच्या अंगाला उभा. नळाशी उभं राहायला वॉचमनने त्याला मनाई केली होती. हातात रिकामा डबा. त्याने गजांमधून आम्हाला मोजलं. ओठ हललेले मला दिसले. मी वाट बघत होतो. तो म्हणाला, "धा. चला."

त्याने स्वतःला धरलं नव्हतं.

नवापूरच्या रिक्षापर्यंत मी त्याच्याबरोबर चालत गेलो. वाटेत तोच म्हणाला, "गुरुजी, तुजा सोबाव मला म्हाईत हाय. उद्या आत जाऊन काय बोलशील, तर माजं बादलीभर पानी फुकट जाईल. ध्यानात ठेव." रिक्षात बसल्यावर पुन्हा बोट दाखवून म्हणाला, "फुकट जाईल."

कारखान्याने त्याला परत घेतलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कोणी आशा धरायला नको. तो भावाच्या होडीची जाळी दुरुस्त करत राहिला आणि तीन वर्षांपूर्वी गेला. मी आता घरीच असतो. जेवायला बसायच्या आधी घरातली माणसं मोजतो. सून म्हणते, बाबा, पाचच तर आहोत. असू देत.

तांडेलाला काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पास दाखवून आत गेलो. कपडे बदलले नाहीत, मशीन लावलं नाही. खिळ्यावरचा बिल्ला काढला आणि सगळं खातं उभं असताना साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले, "क्या हुआ?" मी म्हणालो, "काल अकरा वाजता मी विजारीत मुतलो. मी. एकोणसाठ वर्षांचा माणूस. तुम्ही जाऊ दिलं नाही म्हणून. तांडेलाने मस्ती केली नाही, माझी अब्रू झाकली. तो खुलासा खोटा आहे, मीच लिहिलाय." समोरची दोन पोरं हसली नाहीत. दिनेश खाली बघत होता. साहेबांनी एकदा खात्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, "ठीक है, ठीक है, जरा धीरे बोलो."

म्हणून मी ते सगळं पहिल्यापासून, आणखी मोठ्याने, पुन्हा सांगितलं.