शेजारच्या सीटचा आवाज

सुमे, आधी कान इकडे कर, पिळायचाय. मावशी मुलुंडला एकटी असते, हे विसरलीस ना? सहा महिने नुसते फोन!

तुझ्या काकांच्या जुन्या गाडीचा रेडिओ बंद पडला होता. गाडी आता कुठे जात नाही, पण संध्याकाळी मी तिच्यात बसून गाणी ऐकते. तेही गेलं तर करू काय? म्हणून घाटकोपरच्या एका मेकॅनिकला बोलावलं. त्याने त्याच कंपनीच्या नव्या गाडीतून काढलेला रेडिओ आणला. पण त्याच्या प्लगच्या पिना गाडीच्या जुन्या वायरींशी जुळेनात.

मी म्हटलं, "अरे, वायरी काप नि जोड."

"गाडीची मूळ वायर मी कापत नाही, मावशी. मधे अ‍ॅडॉप्टर लावतो."

लावला, तर गाडी बंद केली की रेडिओ सगळी स्टेशनं विसरायचा. अगदी तुझ्यासारखा! मग त्याने अ‍ॅडॉप्टरमधल्या पिवळ्या नि लाल तारांची अदलाबदल केली, तेव्हा कुठे स्टेशनं टिकली. हात पँटीला पुसत त्याने विचारलं, "तुम्ही कुठे बसता?"

"डावीकडे. चालवणारे गेले. सगळा आवाज माझ्याच बाजूला ठेव."

बटण फिरवता फिरवता तो थांबला. "मधोमध ठेवतो, मावशी. शेजारी कोणी येऊन बसलं, तर त्यालाही ऐकू यायला पाहिजे ना?"

त्याचं नाव विचारायचं राहिलंच. पण रोज निम्मं गाणं त्या रिकाम्या सीटवर वाजतं गं. या रविवारी ये, आणि तिथे बस.