नावाला ओ न देणारा फानुवेल

फानुवेल नाखुम्वा डोंगर चढायला लागला की त्याचं तोंड शिवल्यासारखं बंद व्हायचं. खाली लिखुबुलाच्या फाटकापाशी हाच माणूस पाहुण्यांची पाठपिशवी उचलून बघणार आणि "ह्यात काय, सासूबाईंना भरून आणलंय का?" असं विचारून बायकामाणसांना हसवणार. पण एकदा ओढा ओलांडला, चहाचे मळे खाली राहिले आणि वाट कमरेएवढ्या गवतात शिरली, की तो गप्प. पाहुण्यांनीही गप्प राहावं अशी त्याची अपेक्षा. म्हणून मुलांजेच्या डोंगराचे नियम तो ओढ्याच्या अलीकडेच सांगून मोकळा व्हायचा.

"वर नवल करायचं नाही. सुंदर दिसलं तर मनात ठेवा. वाटेत कुणी पिकली केळी ठेवलेली दिसली तर मुकाट्यानं खा, कुणी ठेवली म्हणून विचारू नका. आणि धुकं उतरलं, कुणी तुमच्या नावानं हाक मारली, तर ओ द्यायची नाही. माणूस असेल तो जवळ येऊन खांद्याला हात लावील. लांबून नुसतं नाव घेतो तो माणूस नव्हे."

ब्लांटायरहून आलेल्या कॉलेजच्या पोरी यावर तोंडाला हात लावून खिदळायच्या. तो खिदळू द्यायचा. पठारावर पोचेस्तोवर त्यांचीही बडबड थांबलेली असायची. तिथं वारा गवतातून जातो तेवढाच आवाज, आणि दूर कुठं तरी पाणी पडतंय त्याचा. फानुवेल पुढं चालायचा, बुटाखाली दगड हलला तर थांबून तो नीट बसवायचा, मग पुढं. मिसरूड फुटल्यापासून त्यानं लोकांची ओझी त्या वाटेनं वाहिली आणि एकही माणूस कधी हरवला नाही.

फाटकासमोर आंब्याखाली दाइलेसीचं दुकान. दुकान म्हणजे तीन दगड, एक कढई आणि एका पायानं अधू बाकडं. मंदासीचे पिठाळ गोळे तळता तळता येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घेणं हा तिचा खरा धंदा. मंदासी आपली जोडीला. ही दाइलेसी फानुवेलच्या मामाची मुलगी. आणि आमच्याकडे आते-मामेभावंडांनी एकमेकांचा भर रस्त्यात उद्धार करायचा असतो. तो हक्क आहे. दुसऱ्या कुणी तसं बोललं तर मुखियापुढं उभं राहावं लागेल, पण मामाच्या मुलीनं गाढव म्हटलं तर आत्याच्या मुलानं तिला निदान घुबड तरी म्हणायलाच हवं. टोमण्याला उत्तर आलं नाही तर नातं तुटलं.

"आलं का ओझ्याचं गाढव! शेपटी कुठं टाकून आलास रे?"

"तुझ्या कढईत पडली बाई. म्हणून तर आज मंदासीला चव आहे."

हे रोजचं. पाहुणे घाबरायचे, आता मारामारी होणार म्हणून. आम्ही बाकड्यावर सरकून बसायचो.

मग फानुवेलची बायको फेलेस्टा आजारी पडली. ताप होता, येत होता, जात होता. फानुवेल निघाला तेव्हा गेलेला होता. "जा तू, मी बरी आहे," असं तीच म्हणाली. तो पाहुण्यांना घेऊन वर गेला, आणि ताप परत आला. वर निरोप पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. तो धावत उतरून आला तो अंगणात बायका रडत बसलेल्या.

मयताच्या घरी आते-मामेभावंडांनी थट्टा करायची, हीही आमची रीत. रडणाऱ्याला हसवायचं, म्हणजे त्याच्या छातीवरचा दगड सरकतो. दाइलेसी यात पटाईत. तिनं दारातले फानुवेलचे बूट पायात घातले, पाठीवर मक्याचं पोतं घेतलं आणि शवपेटीपुढून शीळ घालत त्याच्या चालीनं चालली. लोक हसले. फानुवेलसुद्धा ओल्या डोळ्यांनी जरा हसला. तिथंच तिनं थांबायला हवं होतं. पण हसणारी माणसं समोर असली की दाइलेसीची जीभ थांबत नाही.

"या पाहुणे, या! इथून दृश्य फार छान दिसतं. घरी? घरी काय, बायको मरतेय. ती कुठं पळून जातेय!"

हसू जागच्या जागी विरलं. फानुवेल उठला. त्यानं खाली बसून तिच्या पायांतले बूट एकेक करून काढले, हातात घेतले आणि घरामागं निघून गेला. शिवी नाही, काही नाही. दाइलेसी अंगणाच्या मधोमध अनवाणी उभी.

त्यानंतर तो तिच्या दुकानावरून ओझं घेऊन जायचा तो बुटांकडं बघत. ती रोज काहीतरी फेकायची. "ए गाढवा!" उत्तर नाही. "ए म्हाताऱ्या बोकडा, दाढीत उवा झाल्यात!" उत्तर नाही. शेवटी शेवटी ती टोमणे मारतच नव्हती, विनवण्या करत होती. फक्त शब्द शिव्यांचे होते.

त्यात तिच्या पोटात एक गोष्ट अडकून होती. फेलेस्टा गेली तेव्हा उशाशी हीच होती. जाताना फेलेस्टानं नवऱ्यासाठी चार शब्द सांगितले होते. ते दाइलेसीला त्याच्या हवाली करायचे होते. पण जो ओच देत नाही त्याला निरोप द्यायचा कसा? आणि आधी त्यानं बोलावं हा तिचाही हट्ट होताच. दोन पावसाळे असे गेले.

जूनमध्ये चिपेरोनी उतरली. ती आली की डोंगर नाहीसा होतो. पांढरं, गार, ओलं धुकं मोझांबिककडून येतं आणि दिवसचे दिवस हलत नाही. अशातच झोंब्याचे एक मास्तर आणि त्यांची बायको वर जायचं म्हणाली. फानुवेल त्यांना पठारावरच्या झोपडीत सुखरूप घेऊन पोचला. तिथं बघतात तो बाईंची झोपायची पिशवी नाही. खालच्या दरीच्या काठावर विसावा घेतला होता तिथं राहिली असणार.

"राहू दे हो, बाबा," मास्तर म्हणाले. "आम्ही एका पांघरुणात निभावू."

"तुम्ही निभावाल. मला झोप नाही यायची," फानुवेल म्हणाला आणि मागं फिरला.

तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच निघून मास्तर आणि बाई झोपडीच्या राखणदाराबरोबर खाली आले. बाईंना धड बोलता येत नव्हतं. वाटाडे लगेच वर गेले. त्यांचा म्होरक्या मोफाती, फानुवेलच्याच हाताखाली तयार झालेला. उरलेला दिवस त्यांनी पठार हुडकलं, घसा बसेपर्यंत हाका मारल्या, अंधार पडायच्या आत रिकाम्या हातांनी उतरले. सकाळी फाटकापाशी दाइलेसीच्या बाकड्यावर चहा घेताना कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हतं.

"नाही राहिला म्हातारा," मोफाती म्हणाला. "असता तर ओ दिली असती. दरीच्या काठानं सगळीकडं ओरडलो, मावशी. फानुवेल! फानुवेल!"

दाइलेसीच्या हातातला झारा कढईवरच थांबला.

"काय ओरडलात?"

"नाव. दुसरं काय ओरडणार?"

"अरे देवा! अरे मोफात्या, तुझ्या डोक्यात मेंदू आहे की कसाव्याचा कंद? धुक्यात नाव घेतलंस? त्याचं? तो ओ देईल? मरेल पण देणार नाही! तुला कुणी शिकवलं रे ते?"

मोफातीनं कप खाली ठेवला. त्याला फानुवेलनंच शिकवलं होतं, त्याच ओढ्यापाशी, त्याच शब्दांत. पण माणूस हरवला की आधी नावच तोंडात येतं.

"मग हाक मारायची तरी कशी?"

दाइलेसीनं कढईखालचं जळण ओढून काढलं, कमरेला गुंडाळलेलं चितेंजेचं फडकं घट्ट खोचलं आणि म्हणाली, "चल."

"तू? मावशी, तुझे गुडघे—"

"गुडघे माझे आहेत. तू तुझं थोबाड घेऊन पुढं हो."

लहानपणी सरपणाला जायची ती ओढ्यापर्यंत. त्याच्या वर तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. जन्मभर त्या डोंगराच्या पायाशी बसून तिनं तो फक्त चिखलाच्या रूपात पाहिला होता, फानुवेलच्या बुटांना लागून खाली येणारा. आता ती त्यावरून चढत होती, रबरी चपलांत, दोन्ही हातांनी मुळं धरून. पहिल्या चढाला तिनं मोफातीच्या सात पिढ्या काढल्या. दुसऱ्या चढाला दम उरला नाही. मग नुसता श्वास, आणि पावलांखालचं ओलं गवत. धुक्यात पुढचा माणूसही दिसेनासा व्हायचा. एवढ्या शांततेत ती कधीच राहिली नव्हती. तिला वाटलं, इथं रोज येणारा माणूस घरी आल्यावर लगेच कसा बोलेल? फेलेस्टा तक्रार करायची, वरून आल्यावर अर्धा दिवस ह्याला तोंडच नसतं. आणि आपण काय म्हणालो होतो त्या अंगणात.

दरीच्या काठी ती पोचली तेव्हा दुपार कलत होती. मोफातीनं तिच्या कमरेला दोरी बांधली. खाली सगळं पांढरं. पाण्याचा आवाज.

"ए गाढवा!" दाइलेसी ओरडली. "शेपटी कुठं टाकलीस रे?"

पाण्याचा आवाज.

"ए बोकडा! लग्नात कोट उलटा घालून आला होतास, आठवतं का? पाद्री हसला होता!"

काही नाही. मागं उभे असलेले वाटाडे माना खाली घालून उभे. दाइलेसीला कळेना, तो नाही म्हणून गप्प आहे की तिच्यावर रागावलाय म्हणून. दोन वर्षं तर तो असाच गप्प होता, चांगला जिवंत असून.

ती काठावर बसली. मग तिनं पोटातली गोष्ट काढली.

"ऐक रे! नको देऊस उत्तर, पण ऐक! फेलेस्टानं तुला निरोप ठेवलाय. माझ्यापाशी पडून आहे, तू तोंड फिरवलंस म्हणून! जाताना म्हणाली, तो येईल आता धावत. त्याला सांग, बूट बाहेर काढ. म्हणाली, मी असले-नसले तरी डोंगराचा चिखल घरात नको. आणि हसली, गाढवा! तुझं नाव घेऊन हसली! मी ते सोडून भलतंच बोलले तुझ्या अंगणात!"

मग खालून, वाटलं होतं त्यापेक्षा बरंच जवळून, एक घोगरा आवाज आला.

"किंचाळतेस काय घुबडासारखी? ऐकू येतंय."

मोफातीनं काठावर पालथं पडून खाली डोकावलं.

तो काठाखालच्या कपारीत होता, पाय घोट्यातून मोडलेला. बाईंची पिशवी छातीशी धरलेली. पाहुण्यांचं सामान उघडायचं नाही म्हणून पहिली रात्र त्यानं ती नुसती मांडीवर ठेवून काढली होती. दुसऱ्या रात्री थंडीनं दात वाजायला लागले तेव्हा उघडून आत शिरला. मोफातीच्या हाका त्यानं सगळ्या ऐकल्या होत्या. "वाटलं, बोलावणं आलं," एवढंच तो म्हणाला. "आणि मला जायचं नव्हतं."

सुजलेल्या पायावरचा बूट मोफातीला सुरीनं कापून काढावा लागला. मग दांडक्याला दोन चितेंजे बांधून झोळी केली आणि दुसऱ्या दिवशी त्याला उतरवलं. पठारावर सगळे रीतीप्रमाणं गप्प. ओढा ओलांडला तशी दाइलेसी सुरू झाली.

"केवढा जड आहेस रे! वर काय दगड खात होतास?"

"तुझी मंदासी खाल्ली होती जाताना. तीच आहे पोटात."

वाटाडे हसत होते आणि डोळे पुसत होते.

घरापाशी आल्यावर झोळी सरळ आत न्यायला निघाले तर फानुवेलनं चौकट धरली. "खाली ठेवा."

त्याला उंबऱ्यावर बसवलं. चांगल्या पायातला बूट त्यानं स्वतः सोडला. बोटं सुजली होती, नाडी सुटायला वेळ लागला. कुणी मदत केली नाही. बूट त्यानं दाराबाहेर भिंतीशी नीट उभा केला.

"आणखी काही म्हणाली?" त्यानं विचारलं.

"नाही रे," दाइलेसी म्हणाली. "मग तिला दम लागला."

त्यानं मान हलवली. बुटाची नाडी त्यानं आत खोचली आणि म्हणाला, "न्या आत."

पाय बसला, पण वाकडा. डोंगर सुटला. आता तो आंब्याखालच्या बाकड्यावर, अधू बाजूला बसून पाहुण्यांना नियम सांगतो, आणि शेवटचा नियम सांगताना जरा थांबून कढईकडं बघतो. तो एकटा बूट अजून त्याच्या दाराबाहेर आहे. चिखल वाळून गळून गेला, कातडं तडकलं. दाइलेसी रोज त्यावरून टोचते, कोंबडी अंडं घालील त्यात, मग तिलाच वर पाठव पाहुण्यांबरोबर, निदान ती हाकेला ओ तरी देईल.

आणि फानुवेल रोज ओ देतो.