घोळ नाही, चिवळ

कॉलेजच्या वनस्पती संग्रहालयात नोकरी लागली तेव्हा माझं काम एवढंच होतं: वाळवलेली झाडं जाड कागदावर टाके घालून बसवायची आणि कोपऱ्यात लॅटिन नावाची चिठ्ठी डकवायची. एका शनिवारी अंबरपेठेहून आई माझं ऑफिस बघायला आली. लहानपणी मराठवाड्यात ती दुसऱ्यांच्या रानात निंदायला जायची. शाळा दुसरीतच सुटली होती.

कौतुकानं मी तिला कपाटातला एक कागद दाखवला. "ही आपली घोळीची भाजी. शास्त्रात हिला पोर्चुलॅका ओलेरेसिया म्हणतात."

चष्मा पुसून तिनं कागद जवळ घेतला. "घोळ नाही माय. चिवळ हाय ही. पेरापेराला केस हायेत बघ."

"हळू बोल. ते नाव सरांनी दिलंय."

आमचे विभागप्रमुख मागच्याच टेबलावर होते. निवृत्तीला चार महिने उरलेले. ते दखनी हिंदी बोलत, मराठी त्यांना कळत नसे; पण आईचं कागदावरचं बोट बघून ते उठून आले. "अम्मा क्या बोल रहे?"

मी चाचरत सांगितलं. सरांनी कागद भिंगाखाली सरकवला आणि बराच वेळ भिंगावरून डोळा हलवला नाही. मग मलाही बघायला लावलं. पेरांवर बारीक पांढऱ्या केसांचे झुबके होते, पानं घोळीसारखी एकाआड एक नव्हे, समोरासमोर.

"क्वाड्रिफिडा," त्यांनी चिवळीचं लॅटिन नाव घेतलं. "अम्मा सही बोले. मैं नया नया था, जल्दी में लिख दिया."

मलाच ओशाळल्यासारखं झालं. जुनी चिठ्ठी खरवडायला ब्लेड उचललं, तर त्यांनी अडवलं. "नक्को निकालो." चुकलेलं नाव तसंच ठेवायचं, दुरुस्ती शेजारी लावायची आणि तिच्यावर ओळखणाऱ्याचं नाव लिहायचं, हा रिवाज मला त्या दिवशी कळला. त्यांनी नवी चिठ्ठी लिहून पेन आईपुढे धरलं.

आई मागे सरली. "मला कुठं इंग्रजी येतं?"

मी ते हिंदीत सांगितल्यावर सर म्हणाले, "मराठी में लिखो, अम्मा."

तिनं एकेक अक्षर काढत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. सर कागद धरून उभे राहिले. मग खाली त्यांनी सही केली.

निवृत्तीपर्यंत त्यांनी तिला जुने कागद तपासायला आणखी पाच शनिवार बोलावलं. दोनदा तीच चुकली. सरांनी भिंगातून दाखवलं, तेव्हा तिनं निमूट मान्य केलं.