सायलीचं पेटंट आणि माझा ड्रायर

आता माझा आगाऊपणा कुठल्या तोंडानं सांगू? पण दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून ऐकाल, त्यापेक्षा माझ्याचकडून ऐका.

आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत समोरच्या दारात सायली राहते. तुर्भ्याला लॅबमध्ये नोकरी. रक्ताच्या नळ्या गरगर फिरवायचं मशीन असतं ना, त्यात वजन एकाच बाजूला झालं की ते थडथडतं. सायलीनं तीन वर्षं खपून असं चाक बनवलं, की ते फिरता फिरता आपला तोल आपणच सावरतं. पेटंटसाठी अर्ज केला, तर पेटंट ऑफिसातून उलट पत्र आलं, 'हे कुणाही जाणकाराला सहज सुचेल, मग पेटंट कसलं!' म्हणून त्या दिवशी तिची लॅपटॉपवर सुनावणी होती.

हे सगळं मला मागाहून कळलं हो! मला दिसलं ते एवढंच, दार नुसतं लोटलेलं आणि आतून पुरुषाचा आवाज. लोटलेलं दार म्हणजे आमच्याकडे आमंत्रणच! कोथिंबीर मागायच्या निमित्तानं शिरले.

स्क्रीनवरचे साहेब म्हणत होते, "मॅडम, वजन दोन्हीकडे सारखं हवं, हे सगळ्यांनाच माहीत आहे. यात नवीन काय?"

दुसऱ्याचं काही चांगलं दिसलं की 'त्यात काय मोठं?' म्हणायला मी सगळ्यात पुढे. जीभ गप्प बसेल तर शपथ!

"बरोबर आहे साहेब! ड्रायरमध्ये ओली चादर एका बाजूला गेली, की मी समोर टॉवेल कोंबते. यात कसला आलाय शोध?"

सायली पांढरीफटक. "काकू, प्लीज!"

"थांबा," साहेब पुढे सरकले. "आपण कोण?"

"शेजारीण. नववी पास."

घ्या! पोरीची तीन वर्षांची मेहनत मी एका टॉवेलात गुंडाळली.

"आणि ड्रायर फिरत असताना तोल गेला तर?" साहेबांनी विचारलं.

"मग काय, वर बसते! माझं वजन पुरतं की."

साहेबांना ठसका लागला. सायलीनं मात्र तिथेच पकडलं. "सर, मी हेच सांगतेय! अडचण जुनी आहे, सगळ्यांना माहीत आहे. तरी लोक मशीन थांबवून वजन लावतात, नाहीतर वर बसतात! फिरता फिरता तोल सावरेल, असं काही कुणी केलं का?"

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं.

पेटंट मिळालं हो! मी सोसायटीभर सांगत सुटले, "माझ्यामुळे मिळालं, माझ्यामुळे!"

आमचे हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "खरंच आहे. शोध लावायला सायलीचं डोकं लागलं, आणि तो कुणालाही सुचत नाही हे पटवायला तुझं!"