नावेत आधी खरातसाहेब बसतात

समुद्र आमच्या गावापासून कितीतरी दूर. तरी चिकलठाण्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये नावा होतात, हे मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी कळलं. खरेदी विभागात रुजू व्हायला गेलो, तर साच्यावर काचतंतूंचं कापड अंथरून त्यावर रेझिनचा हात फिरवणारे एक इंजिनिअर दिसले. शाळेत पाठ केलेल्या कवितांतल्या नावा लाकडाच्या असत, असं मी उगाच बोलून गेलो. मान वर न करता ते म्हणाले, "कवी, तुमची नाव कुजती. ही कुजायची नाय. पण थरात हवा राहिली तर ही फसवती." हे उत्तमराव खरात. 'कवी' हे नाव मला त्या दिवशी चिकटलं ते चिकटलंच.

एका मे महिन्यात कुणीतरी किनाऱ्यावरच्या कारखान्याचं माप धरून रेझिन घट्ट करणारं रसायन मिसळलं. आमच्या कडक उन्हाला ते माप जास्त झालं; बादलीतच रेझिनचा दगड होऊ लागला. पोरांनी घाईघाईत थर उरकले. नाव मात्र चकचकीत. पुराच्या कामासाठी ती गंगापूरकडं जायची होती. साहेब नाण्यानं तळ ठोकत गेले. एका जागी आवाज बद्द आला.

"कापा."

"अहो खरात, वरून काय दिसतंय का?" मॅनेजर वैतागले.

"पाण्याला खालून दिसतं."

नाव कापली. आत बोट जाईल एवढी पोकळी होती.

कामगारांवर त्यांची माया, पण ती रागातून व्यक्त व्हायची. रज्जाकभाई मास्क टाळत. "साब, दम घुटता है." साहेब म्हणत, "घुटू द्या. हा वास छातीत बसला तर नातवंडांना गोष्टी कोण सांगणार, मी?" स्वतः मात्र मास्क गळ्यात लटकवून फिरत. आता साहेबांचा खोकला फोनवर ऐकला की मला तो गळ्यातला मास्क आठवतो.

आमच्या शेडची एक रीत आहे: नाव ज्यानं घडवली, पहिल्या फेरीत तो बसणार. सल्लागार म्हणून साहेबांनी घडवलेली कार्बन तंतूंची नवी बचावनाव येत्या आठवड्यात नाथसागराच्या जलाशयात उतरते आहे. साहेबांच्या पंचाहत्तरीचा हा गौरवग्रंथ तुमच्या हाती पडेल तेव्हा निकाल तुम्हाला ठाऊक असेल. मला आज नाही. साहेबांना पोहता येत नाही. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तरी सांगा. माझं ऐकतेत व्हय ते?"

मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, "मीच नाय बसलो, तर पुरात लेकरू घेऊन उभ्या बाईला कोणत्या तोंडानं बस म्हणू?"

पंचाहत्तरीला शतायुष्य चिंतायचं असतं. ते चिंततोच, छाती निरोगी राहो, हेही. पण आधी मला वारा पडलेली एक सकाळ हवी, आणि साहेबांच्या अंगावर पट्टे आवळलेलं जीवरक्षक जाकीट. पुढच्या बाकावर ते असतील. मागचा बाक मी मागून घेतला आहे. पोहता मलाही येत नाही.