म्हातारा जेवला का

डिग्रीच्या शेवटच्या वर्षी मी कलबुर्गीत एका भाड्याच्या खोलीत राहत होतो. खोलीतला दुसरा मुलगा अफजलपूरकडचा. त्याच्याकडे थोरल्या भावानं दिलेला जुना लॅपटॉप होता आणि त्यात एक गेम होता. तोपर्यंत गेम म्हणजे मोबाईलवर गाड्या पळवायच्या किंवा गोळ्या झाडायच्या, एवढंच मला माहीत होतं. यात तसलं काही नव्हतं. एक मुलगी आणि एक म्हातारा पांढऱ्या, कोरड्या माळावरून समुद्राकडे निघालेले असतात. मुलीला आपण चालवायचं. म्हातारा मागून येतो. आपण फार पुढं गेलो की तो खाली बसतो आणि परत जाऊन हात धरल्याशिवाय उठत नाही. वाटेत झुडपांची फळं तोडून त्याला खायला द्यायची, अंधार पडायच्या आत शेकोटी करायची, खोकला लागला तर पिशवीतलं औषध पाजायचं. त्याला इंग्रजीत काहीतरी नाव होतं. आम्ही त्याला म्हातारा म्हणायचो.

माझे आईवडील मी लहान असतानाच गेले. मला मामा-मामीनं बिदरकडच्या चिंताकी गावात वाढवलं. त्यांना मूल नव्हतं. मामा चार यत्ता शिकलेला, पण मी हायस्कूलला संतपूरला जायचं ठरलं तेव्हा गाडीवर बसवून रोज तोच सोडायचा. मी बी.एस्सी. झालो ते त्याच्यामुळे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. हे मी आजही सगळ्यांना सांगतो, आणि सांगताना मला बरं वाटतं.

त्या वर्षी तो तूर घेऊन कलबुर्गीच्या अडतीला आला होता. येताना माझ्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन खोलीवर आला. मी खेळत होतो. मी लॅपटॉप बंद करायला लागलो तर म्हणाला, असू दे, बघू दे. कॉटवर मांडी घालून तो पडद्याकडे बघत बसला. थोड्या वेळानं म्हणाला,

"हळू चाल की. म्हातारा मागं राह्यलाय, दिसंना का?"

मी म्हणालो, मामा, गेम आहे हा.

"असू दे. कामून पळायलास?"

माझा रूममेट हसला. मामानं त्याच्याकडे वळून विचारलं, "तुमच्याकडं म्हाताऱ्याला सोडून पळत्यात व्हय?" मग मी हळू चालायला लागलो. म्हातारा उठला, मुलीच्या मागून यायला लागला, तेव्हा मामाला बरं वाटलेलं स्पष्ट दिसलं. तो काय खातो, कुठं निजतो, त्याला कुणी आहे का, असं सगळं त्यानं विचारून घेतलं. निघताना रूममेटला म्हणाला, "त्या म्हाताऱ्याला बघा. अन् ह्याला बी बघा."

तेव्हापासून रोज संध्याकाळच्या फोनवर पहिला प्रश्न तोच. म्हातारा जेवला का? माझं जेवण त्यानंतर. मी सांगायचो, जेवला, आज डोंगर चढला, आज खोकला नाही. मामा तिकडून हुंकार द्यायचा. मला आधी गंमत वाटायची, मग सवय झाली, आणि मग मीही फळ दिसलं की आधी त्याच्यासाठी ठेवायला लागलो.

रूममेटनं तो गेम आधीच पूर्ण केला होता. शेवटी काय होतं, असं मी विचारलं की म्हणायचा, खेळ, कळेल. एकदा मी विचारलं, औषध आता द्यावं की राखून ठेवावं? तो म्हणाला, "राखून ठेव. पुढचा रस्ता कडक हाय." मी राखून ठेवत गेलो. बारीक खोकल्याला देत नव्हतो. म्हातारा छाती धरून उभा राहायचा, आणि मी मनातल्या मनात त्याला म्हणायचो, जरा दम धर, पुढं लागेल.

परीक्षा सुरू झाली. एकेका पेपरनंतर मी थोडा वेळ खेळायचो आणि मग घरी फोन करायचो. पहिल्या काही पेपरांपर्यंत मामा स्वतः बोलला. त्यानंतर फोन मामी उचलायला लागली. मामा रानात गेल्यात. आज लौकर निजल्यात. औरादला गेल्यात. तुरी निघाल्यावर रानात एवढं काय काम, असं माझ्या मनात आलंही. पण डोक्यात पुढचा पेपर होता. एकदा मी विचारलं, मामा माझ्याबद्दल काही म्हणत नाही का? मामी म्हणाली,

"म्हंत्यात की. म्हातारा जेवला का म्हून इचारायला सांगितलंय."

मी म्हणालो, जेवला म्हणून सांग. समुद्र जवळ आलाय म्हणून सांग.

"व्हय. सांगते."

शेवटचा पेपर सकाळचा होता. दुपारी खोलीवर आलो आणि लॅपटॉप उघडला. रूममेट म्हणाला, आज नको खेळू, सामान भर, बिदरची बस धर. त्याच्या आवाजात एक घाई होती. मला वाटलं, त्याला लॅपटॉप हवा असेल. मी म्हणालो, थोडंच राहिलंय. मामाला सांगायचंय की म्हातारा पोचला.

एक टेकडी चढून गेलं की समुद्र दिसत होता. मी मुलीला वर नेलं आणि मागं बघितलं तर म्हातारा चढावर बसलेला. नेहमीसारखा परत गेलो, हात धरला. तो उठला नाही. फळ दिलं, त्यानं घेतलं नाही. पिशवी उघडली. राखून ठेवलेल्या औषधाच्या बाटल्या तिथं ओळीनं दिसत होत्या, पण एकही हातात घेता येईना. इतके दिवस चालणारं बटण त्या एका ठिकाणी बंद केलेलं होतं. मी पुन्हा पुन्हा दाबत राहिलो. म्हातारा आडवा झाला. मी काहीही न करता मुलगी आपली आपण लाकडं गोळा करायला लागली.

गोष्टीत माणसं मरतात हे मला ठाऊक होतं. लहानपणी आकाशवाणीवरची नाटकं ऐकून रडलेलो मी. पण तिथं आपण ऐकणारे असतो. इथं त्याला मी खाऊ घातलं होतं. तो बसला की मी परत गेलो होतो. ज्यानं कुणी हा गेम केला, त्यानं आधी मला त्याचा हात धरायला शिकवलं, औषध राखायला लावलं, आणि नेमकं लागलं तेव्हा पिशवीला कुलूप घातलं. म्हातारा मरणार हे त्यानं सुरुवातीपासून ठरवलेलं होतं. माझं हळू चालणं, माझी फळं, कशाचाही त्याच्याशी संबंध नव्हता.

मग पडद्यावर एकच बटण आलं. चिता पेटवण्याचं.

मी ते दाबलं नाही. मुलीला इकडेतिकडे फिरवलं. कुठं खोरं, कुदळ काही मिळतं का ते बघितलं. काहीच नव्हतं.

"आमच्यात जाळत न्हाईत," मी म्हणालो.

आमच्यात माणसाला आंघोळ घालून, विभूती लावून बसवतात. बसलेलाच नेतात, तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवून बसलेलाच खड्ड्यात ठेवतात. बेल आणि विभूती वाहतात, आणि मग घरचे आधी, नंतर गाव, असे सगळे मूठमूठ माती घालतात. गेममधला म्हातारा आमच्यातला नव्हता हे मला कळत होतं. तरी बोट खाली जाईना. एरवी रूममेट यावर हसला असता. तो खिडकीकडे तोंड करून उभा होता. तसाच म्हणाला,

"तुझ्या मामाला बसवूनच ठिवलं."

मला कळलंच नाही. मी विचारलं, कुणाच्या मामाला?

मग त्यानं सांगितलं. मामाच्या छातीत दुखायला लागलं, बिदरला नेताना वाटेतच गेला. मामीचा फोन आला होता. पेपर संपेपर्यंत कळू देऊ नको, आणि संपले की नुसतं बसमध्ये बसवून दे, असं तिनं सांगितलं होतं. तो मला पेपरला उठवत होता, चहा करून देत होता, माझे फोन ऐकत होता. म्हातारा जेवला म्हणून मी सांगत होतो तेही ऐकत होता.

मी बाहेरच्या नळावर गेलो. बराच वेळ पाणी तोंडावर मारत राहिलो. परत आलो तर पडद्यावर मुलगी एकटीच समुद्राच्या कडेनं चालत होती. मागं टेकडीवर धूर.

"तुला परत बघाया लागू नये म्हून," रूममेट म्हणाला. त्यानं बटण दाबलं होतं.

मी त्याला काही बोललो नाही. आजवर बोललेलो नाही. तो चांगला मुलगा होता, हे मला माहीत आहे.

हुमनाबाद गेलं, बिदरला बस बदलली, औराद आलं, आणि सगळ्या वाटेत मी एकच हिशोब लावत होतो, की मामाचा खरा आवाज मी शेवटचा कधी ऐकला. पेपर कोणता होता ते आठवेना.

मामीनं दारात काही विचारलं नाही. पाय धुवायला पाणी दिलं, ताट वाढलं. मी जेवलो नाही. मी विचारलं, विधीला माझ्या जागी कोण बसलं? भावकीतल्या एकाचं नाव तिनं सांगितलं. मग मी विचारलं, म्हातारा जेवला का, हे फोनवर कोण विचारत होतं?

"मीच," ती म्हणाली. "तू इचारलास, काय म्हंत्यात. मी काय सांगू? जे रोज म्हणायचे तेच सांगितले." मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "गाडीत माझा हात धरून त्यांनीच सांगितले. पेपर होऊस्तोर पोराला कळू द्यायचं न्हाई."

म्हणजे त्यानंसुद्धा. मला हळू चालायला शिकवणाऱ्या माणसानं स्वतः मात्र मला मागं ठेवून जायचं ठरवलं. आता कुणावर रागवावं तेही राहिलं नाही. मी पास झालो, नोकरीला लागलो, त्यांनी मला सांगितलं असतं तर ते वर्ष गेलंच असतं, हे सगळं खरं आहे. त्यांचे उपकार मी मानतो. फसवलं गेल्याचं दुःख मात्र त्यानं कमी होत नाही.

थोड्या वेळानं मामीनं विचारलं, "समुद्र आला का त्यांचा?"

"आला. म्हातारा मेला."

"कदी?"

"आज. पेपर झाल्यावर."

"अन् काय केले त्याला?"

"जाळलं."

"तू असताना?"

"मी तोंड धुवायला गेलतो."

ती ताटाकडे बघत राहिली. "त्यो तरी हाय, असं वाटत व्हतं मला," ती म्हणाली. "मला कामून सांगितलास?"

मी म्हणालो, तुला कळायला पाहिजे म्हणून.

तिनं माझं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, "व्हय. तुला बी कळायला पाहिजे व्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं रानात गेलो. बांधाकडेच्या लिंबाखाली मामाला ठेवलेलं होतं. वरची माती एव्हाना ऊन खाऊन घट्ट बसली होती. मी शेजारच्या नांगराच्या तासातली मूठभर माती उकरून वाहिली. ती आत गेली नाही. वरच राहिली.