चिखल निवडणाऱ्या वहिनी

बायका तांदूळ निवडतात, या वहिनी चिखल निवडायच्या. थट्टा नव्हे, पोटापाण्याचा उद्योगच होता तो. खाडीकाठच्या प्रयोगशाळेत खिडकीशी त्यांची खुर्ची. आधी चिखल बारीक चाळणीवर धुवायचा, मग उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक फोरॅम टिपायचा. फोरॅम म्हणजे एकाच पेशीचा जीव, मोहरीपेक्षाही लहान, पण पठ्ठ्या स्वतःचं घर बांधून राहतो. खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात, चुन्याच्या पांढऱ्या घरांचे. वर गोड्या पाण्याकडे, वाळूचे कण चिकटवून खोपटी करणारे. वहिनी त्यांना बंगलेवाले आणि खोपटवाले म्हणायच्या.

चिखल आणायचा त्यांचा नवरा, प्रयोगशाळेचा नावाडी. एकदा त्यानं वरच्या टोकाचा चिखल आणला, तर खोपटवाल्यांच्या मांडीला मांडी लावून बंगलेवाले बसलेले. बरं, नमुन्यात घालतात तो गुलाबी रंग फक्त जिवंत जीवच धरतो, आणि तोही त्यांनी धरला. म्हणजे ही वाहत आलेली रिकामी घरं नव्हेत. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई नवा शोध लागला म्हणून हरखल्या. खारं पाणी इतकं वर चढलंय, वरच्या गावाला नदीचं पाणी उपसणं थांबवायला सांगायला हवं, म्हणू लागल्या.

वहिनींना मात्र घास गोड लागेना. जेवताना त्यांनी नवऱ्याला सहज विचारल्यासारखं केलं, त्या दिवशी होडी कुठून कुठं नेली? रीत अशी की गोड्या टोकापासून समुद्राकडे उतरत यायचं. यानं केलं उलटं. भरती आयती वर नेत होती, मग वल्ही कशाला मारा?

"अहो, मधे नांगर धुतलात?"

"नांगराला काय अभ्यंगस्नान घालायचं?" तो हसला आणि हसता हसताच त्याला आठवलं. तोंडाशी टाकलेला नांगर चिखलासकट वर नेऊन टाकला होता, आणि नमुना उपसला होता त्याच्याच शेजारून.

आली का पंचाईत? बोलावं तर नवऱ्याची उभ्या जन्माची अब्रू, न बोलावं तर एका नांगरापायी अख्खं गाव तहानलेलं.

"मी तुमचं नाव सांगणार नाही," वहिनी शेवटी म्हणाल्या, "पण हा चिखल खरा आहे असंही म्हणणार नाही."

तो पाठ फिरवून झोपला. सकाळी मात्र बाई कुलूप काढतात तोच हा दारात उभा. सगळं सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, "उद्या ओहोटी कधी लागते?"

दुसऱ्या दिवशी नांगर घासून लख्ख केला आणि वरून सुरुवात केली. वहिनींनी नमुना धुतला, निवडला. समुद्राकडचा एकही जीव नव्हता त्यात. बाई थोड्या हिरमुसल्या, पण गावाचं पाणी वाचलं म्हणून सुस्कारा त्यांनीच आधी सोडला.

नावाडी तिथंच घुटमळत होता.

"आत काय असतं, ते बघू तरी," तो म्हणाला. "इतकी वर्षं चिखल नुसता हमालासारखा वाहिला."

वहिनींनी खुर्ची दिली. तो भिंगाला डोळा लावून बसला तो उठेचना. त्यांचं काम खोळंबलं, पण त्यांनी काही त्याला उठवलं नाही.